डब्यातली चालती धूळ



आषाढ लागला, चार-आठ दिवस उन्हाचे तोंड दिसले नाही, की एक तक्रार हमखास कानावर येते. पिठाच्या डब्याच्या कडेला बारीक पांढरी धूळ जमते, पुसून काढली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. रव्याच्या डब्याला कुबट वास येतो. खोबऱ्याच्या वाटीवर राख भुरभुरल्यासारखे दिसते. आणि नीट निरखून पाहिले तर ती धूळ हलते! मग घरात कुजबूज सुरू होते. सासूबाई म्हणतात, डबे नीट घासले जात नाहीत. सून म्हणते, रोज घासते तरी हे होते. शेवटी कोणीतरी शेतातल्या औषधाची पुडी काढतो आणि फडताळात भुरभुरून मोकळा होतो.

आज पिकावरची कीड थोडी बाजूला ठेवू आणि या घरातल्या किडीकडे वळू. प्रथमच एक गोष्ट सांगतो, म्हणजे निम्मे भांडण मिटेल. ही कीड घाणीची नव्हे, ओलीची आहे. लखलखीत घासलेला पण आतून ओलसर राहिलेला डबा तिला जितका आवडतो, तितका धुळीने भरलेला कोरडा डबा आवडत नाही. तेव्हा सुनेला बोल लावू नका आणि औषधालाही हात घालू नका. ओल कोठे आहे, ते शोधा.

हे आहे तरी काय?

मिरचीवरचा पांढरा कोळी किंवा वांग्यावरचा लाल कोळी आपण ओळखतो. त्याच जातकुळीतला हा घरातला कोळी. तो पानाचा रस शोषत नाही. ओलसर धान्यावर, पिठावर, भिंतीवर जी बुरशी येते ती तो खातो, आणि बुरशीबरोबर पीठ, शेंगदाणे, खोबरे, सुकी मासळी, पेंड हेही खातो. तेलकट आणि पौष्टिक पदार्थ त्याला विशेष प्रिय. खोबऱ्यावर तर तो इतका आढळतो की इंग्रजीत त्याला 'खोबऱ्याचा कोळी' असेच नाव पडले आहे. आपण सोयीसाठी त्याला बुरशीकोळी म्हणू.

आकार म्हणाल तर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत. दहा कोळी एकामागे एक उभे केले तर ज्वारीच्या एका दाण्याएवढी लांबी होईल. अंग पांढुरके, काचेसारखे, वर लांब केस. पाय आठ. एकटा कोळी सहसा नजरेला पडत नाही. हजारो जमले म्हणजे धुळीचा थर दिसतो. या थरात जिवंत कोळी असतात, मेलेले असतात, त्यांनी टाकलेली कात, अंडी आणि विष्ठाही असते. मादी काहीशे अंडी घालते, आणि उबदार दमट हवेत अंड्यापासून पुन्हा अंडी घालणारा कोळी होण्यास दोन-तीन आठवडे पुरतात. म्हणूनच श्रावणात काही नव्हते आणि भाद्रपदात डबा भरला, असे होते.

ओळख कशी पटवावी?

उपाय करण्याआधी कीड ओळखलीच पाहिजे. घरच्या घरी करता येतील अशा तीन परीक्षा सांगतो.

पहिली, पाटीची. मुलांची काळी पाटी किंवा काळा कागद घ्या. डब्याच्या कडेची चिमूटभर धूळ तीवर ठेवा आणि उजेडात, शक्य तर भिंगातून, दोन-तीन मिनिटे पाहा. धूळ सरकू लागली, ठिपके वेगवेगळे होऊ लागले, तर कोळी आहेत.

दुसरी, पिठाची. ताटलीत दोन-तीन चमचे पीठ घेऊन उलथन्याच्या पाठीने आरशासारखे सपाट करा. हलवू नका. अर्ध्या तासाने पाहा. सपाट पृष्ठभाग खडबडीत झाला, बारीक भेगा आणि वाटा पडल्या, तर आत हालचाल आहे.

तिसरी, नाकाची. कोळी फार झाले म्हणजे पिठाला गोडसर, उग्र, काहीसा पुदिन्यासारखा वास येतो आणि त्यात बुरशीचा कुबटपणा मिसळलेला असतो. ताज्या पिठाचा वास ज्या भगिनीच्या नाकात बसलेला आहे, तिला हा फरक झाकण उघडताच कळेल.

आता इतर किडींशी गल्लत करू नका. दाण्याला भोक पाडणारा, पुढे सोंड असलेला काळपट किडा म्हणजे सोंडा. पिठात फिरणारा तांबडा चपटा किडा म्हणजे लाल भुंगेरा. रव्यात किंवा पिठात जाळी होऊन गोळे बनत असतील, तर ते पतंगाच्या अळीचे काम. हे सारे डोळ्यांना स्पष्ट दिसतात. खरी गल्लत होते ती जुन्या वह्या-पुस्तकांत आणि ओल्या भिंतीवर पळणाऱ्या फिकट किड्याशी. त्याला 'पुस्तकातली ऊ' म्हणतात. तो कोळ्याच्या दुप्पट-तिप्पट मोठा, सहा पायांचा, पुढे लांब मिशा असलेला आणि चपळ असतो. कोळी मात्र रेंगाळत चालतो. ही गल्लत झाली तरी फारसे बिघडत नाही, कारण तोही बुरशीच खातो आणि त्याच्यावरचा उपायही तोच आहे.

घरात येतात कोठून?

थोडेफार कोळी सगळीकडेच असतात. जुन्या पोत्यांच्या शिवणीत, कोठीच्या फटीत, गोठ्यातल्या पेंडीत, उंदराच्या अंगावर. बाजारातून आलेल्या पोत्याबरोबरही येतात. ते असले म्हणून काही होत नाही. त्यांची पैदास केव्हा होते, हे महत्त्वाचे.

या प्राण्याला पाणी प्यावे लागत नाही. हवेतला दमटपणाच तो अंगात ओढून घेतो. हीच त्याची ताकद आणि हेच त्याचे मर्म. हवेतील आर्द्रता शंभरात सत्तरच्या वर गेली की तो फोफावतो. ती साठच्या खाली येऊन काही दिवस टिकली की तो वाळून मरतो. आपल्याकडे पावसाळ्यात, कोकणात आणि घाटमाथ्यावर विशेषच, आर्द्रता ऐंशी-नव्वदच्या घरात असते. अशा हवेत उघडे पडलेले कोरडे धान्यही ओल ओढून घेते. गव्हात चौदा टक्क्यांच्या वर ओलावा गेला की बुरशीला वाट मिळते, आणि बुरशीमागून कोळी.

काही वडीलधारे विचारतात की आमच्या वेळी हे एवढे का नव्हते? प्रश्न रास्त आहे. जुन्या घराला कौले होती, त्यांच्या फटींतून हवा खेळत असे. चूल दिवसभर धगधगे, तिची ऊब माळ्यावर जाई आणि कणसे, शेंगा, डाळी त्या उबेत कोरड्या राहत. आता गॅस आला, आयाबायांचे डोळे धुरातून सुटले, हे उत्तमच झाले. पण गॅस जळतानाही पाण्याची वाफ निघते, भात-डाळीची वाफ वेगळी. वर स्लॅब, खिडकी पावसासाठी बंद. ती वाफ जाणार कोठे? सर्वांत थंड भिंतीवर, म्हणजे बहुधा फडताळाच्या मागच्या भिंतीवर, ती बसते. नव्या घरकुलात तर बांधकामाचे पाणीच भिंतीत मुरलेले असते. पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत अशा घरात बुरशी आणि कोळी दिसले तर घाबरू नका. भिंती वाळू लागल्या की ते कमी होतात, मात्र वाळायला वाट द्यावी लागते.

आणखी एक कारण फार घरांत आढळते. गिरणीतून पीठ येते ते गरम. ते तसेच डब्यात भरून झाकण घट्ट लावले की आतल्या आत वाफ धरते, झाकणाला थेंब येतात आणि ते पिठात उतरतात. आठ दिवसांत कडेच्या पिठाला गुठळ्या होतात. पुढचे आपण जाणताच.

धोका कोणता?

हा कोळी चावत नाही, रक्त पीत नाही, माणसाच्या अंगावर घर करत नाही. पण कोळी झालेले धान्य, खोबरे किंवा पेंड हाताळणाऱ्याच्या हाताला आणि मानेला खाज सुटते, पुरळ येतो. खोबऱ्याच्या वखारीत आणि किराणा दुकानांत काम करणाऱ्यांना ही खाज जुन्या काळापासून ठाऊक आहे.

ज्यांना दमा आहे, धुळीने शिंका येतात, त्यांनी अधिक जपावे. कोळ्यांची कात आणि विष्ठा श्वासाबरोबर गेली की दम्याचा जोर वाढतो. काहींना तर कोळी पडलेल्या पिठाचे पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणे, धाप लागणे असा त्रास झाल्याच्या नोंदी १९९३ सालापासून निरनिराळ्या उष्ण देशांतील डॉक्टरांनी केल्या आहेत. पीठ भाजले, तळले तरी त्रास देणारा अंश पुरता नष्ट होत नाही. असे क्वचित घडते, पण घडले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

याहून मोठा धोका कोळ्याचा नाही, त्याच्या अन्नाचा आहे. कोळी दिसले म्हणजे तेथे बुरशी आहे, हे समजावे. सगळी बुरशी विषारी नसते. पण शेंगदाणे, मका, सरकी, खोबरे यांवर येणारी पिवळट-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे जहर तयार करू शकते. हे जहर जगाला कळले ते १९६० साली, इंग्लंडमध्ये बुरसटलेल्या भुईमूग पेंडीने लाखभर टर्की पक्षी मेले तेव्हा. आपल्या शेजारी, गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात १९७४ साली अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन गावेच्या गावे काविळीने आजारी पडली आणि शंभरावर माणसे दगावली. ती गरीब माणसे होती. घरात दुसरे धान्य नव्हते म्हणून त्यांनी तो मका खाल्ला. हे जहर शिजवून जात नाही, भाजून जात नाही, आणि धुऊनही पुरते जात नाही.

म्हणून पांढरी धूळ ही सूचना समजा. कोळी दिसला म्हणजे घरात विष झाले असे मुळीच नाही. पण ओल शिरली आहे आणि आताच हात-पाय हलवले पाहिजेत, एवढा निरोप तो आणतो.

काय करावे?

१. आधी मूळ शोधा. फडताळातील सर्व डबे, पोती, बरण्या बाहेर काढा. बहुधा एखादाच डबा किंवा मागे विसरलेली पुडी सापडते आणि बाकी ठिकाणी तेथूनच पसार झालेला असतो.

२. कोळी झालेले पीठ, रवा, बेसन चाळून वापरू नका. कोळी चाळणीतून खालीच येतात. ते उकिरड्यात खोल पुरा. दोन-चार किलोंचा मोह सोडा.

३. अख्ख्या धान्यात किंवा डाळीत थोडे कोळी असतील आणि बुरशी, वास, रंगबदल काही नसेल, तर ते वाचवता येते. तोंडाला फडके बांधून ते घराबाहेर चाळा, पाखडा, म्हणजे फुटके दाणे आणि भुसा निघून जाईल. मग ऊन पडेल तेव्हा पातळ थर पसरून चांगले तापवा. ऊन नसेल तर थोडे थोडे कढईत मंद आचेवर गरम करा आणि गार झाल्यावरच भरा. हा कढईचा उपाय बियाण्याला करू नका, त्याची उगवण जाईल.

४. बुरसटलेले शेंगदाणे, मका, पेंड आपणही खाऊ नका आणि दुभत्या जनावरालाही घालू नका. गाय-म्हैस ते खाते आणि त्यातल्या विषाचा अंश दुधात उतरतो. म्हणजे उकिरड्यावर न टाकलेली पेंड फिरून आपल्याच लेकराच्या पेल्यात येते.

५. डबे कढत पाण्याने आणि साबणाने धुवा. झाकणाची खोबण, कडीची फट ब्रशने साफ करा. त्यानंतर पुरते वाळवा. पुसून कोरडा दिसतो तो डबा कोरडा नसतो. उन्हात किंवा चुलीच्या उबेला तासभर पालथा ठेवा, मग भरा.

६. फडताळाच्या फळ्या आणि भिंतीवरची बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, तिचे बी घरभर उडते. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि फडके उकळून घ्या. भिंत वाळल्यावर चुन्याची सफेदी द्या. चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही. ब्लीचिंग पावडर वापरलीच तर दारे-खिडक्या उघड्या ठेवा आणि तीत व्हिनेगर किंवा संडास साफ करण्याचे आम्ल चुकूनही मिसळू नका. त्यातून निघणारा वायू घातक असतो.

७. पाऊस थांबला की तासभर का होईना, समोरासमोरच्या खिडक्या उघडा. डबे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर किंवा विटांवर वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर दूर रचा. नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर तर धान्य ठेवूच नका. कौल गळत असेल, पन्हळीचे पाणी भिंतीवर उडत असेल, तर ते आधी थांबवा. भिंत ओली तोवर आतला खटाटोप व्यर्थ.

काय करू नये?

फवारणीची कोणतीही भुकटी किंवा औषध स्वयंपाकघरात, धान्यात, पिठात वापरू नये. जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'गॅमेक्झिन' आहे. ती बी.एच.सी. भुकटी आपल्या देशात १९९७ पासून बंद आहे. धान्यात ठेवायच्या ई.डी.बी.च्या काचेच्या नळ्याही २००१ साली बंद झाल्या. कोणाच्या माळ्यावर जुना साठा पडला असेल तर तो वापरू नका, पुरूही नका. कृषी सहायकाला दाखवून विल्हेवाटीचा सल्ला घ्या.

धुरी देण्याच्या गोळ्यांबाबत तर हात जोडून सांगतो, राहत्या घरात त्या कधीही आणू नका. ओल लागताच त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. शेजारच्या खोलीत पोत्यात गोळ्या ठेवून घरची माणसे झोपली ती उठलीच नाहीत, अशा बातम्या वर्तमानपत्रांतून अनेकदा येऊन गेल्या आहेत. शिवाय औषधाने आजचे कोळी मेले तरी ओल राहिली तर महिनाभरात पुन्हा तोच थर दिसेल.

धान्यात कडुनिंबाचा पाला घालण्याची आपली चाल आहे. सोंड्या-भुंगेऱ्यांसाठी ती ठीक, पण पाला सावलीत कडकडीत वाळवलेला हवा. ओला पाला घातला तर आपणच धान्यात ओल घातली. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळतात, तेही भुंगेऱ्यासाठी. बुरशीकोळ्यावर त्याचा भरवसा धरू नये.

ओल मारण्यासाठी कोळशाची शेगडी पेटवून खोली बंद करू नका. तो धूर दिसत नाही, पण जीव घेतो.

पुढच्या पावसाळ्याआधी

या किडीशी खरी लढाई वैशाखात जिंकायची असते. धान्य उन्हात तीन-चार दिवस चांगले तापवा, गार होऊ द्या आणि मगच भरा. गहू, ज्वारी, डाळी यांत दहा ते बारा टक्के आणि भुईमुगाच्या शेंगांत आठ-नऊ टक्क्यांहून अधिक ओलावा नको. पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी चांगल्या धान्यात मिसळू नका.

ओलावा मोजायचे यंत्र घरी नसते. त्याला एक सोपी युक्ती आहे. कोरड्या काचेच्या बरणीत ओंजळभर धान्य आणि चमचाभर कोरडे, मोकळे मीठ घाला. झाकण लावून काही मिनिटे चांगले हलवा आणि थोडे थांबा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे, भरू नका. मीठ मोकळे राहिले तरी दाणा दाताखाली धरून पाहा. कट्ट असा आवाज करून तुटला तर वाळला, दबला तर पुन्हा उन्हात टाका.

साठवणीला घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी चांगली. दोन विटांच्या थरांत प्लास्टिकचा कागद घालून बांधायची पुसा कोठी भिंतीतून येणारी ओल अडवते. अलीकडे आत प्लास्टिकचे दोन पदर असलेल्या हवाबंद पिशव्याही मिळतात. पण एक लक्षात ठेवा, हवाबंद साठवण ही वाळलेल्या धान्यासाठी आहे. ओले धान्य तीत कोंडले तर ते आतच कुजते.

पीठ मात्र पावसाळ्यात आठवड्यापुरतेच दळून आणा. गिरणीवरून आले की स्वच्छ कोरड्या फडक्यावर अर्धा तास पसरा, गार झाले की भरा. डब्यात ओला हात, ओली वाटी घालू नका. जुने पीठ संपल्याशिवाय नवे त्यावर ओतू नका, तळाची कीड नव्याला लागते. घरात फ्रीज असेल तर रवा, बेसन, शेंगदाणे यांना त्यात जागा द्या, विशेषतः दमेकरी माणूस असेल तर.

यात पैशाचे काम थोडे आणि लक्ष ठेवण्याचे जास्त. कोरडा डबा, गार झालेले पीठ, भिंतीपासून सुटे पोते आणि उघडी खिडकी, या चार गोष्टी घरातल्या प्रत्येकाने पाळायच्या आहेत. एकट्या गृहिणीवर ते ओझे टाकू नका. कौल शाकारणे, पन्हळ बसवणे, धान्य वाळवणे ही घरच्या पुरुषांचीही कामे आहेत. वर्षभर राबून पिकवलेले धान्य घरात आल्यावर नासले, तर ते शेतात नासल्यासारखेच आहे.

येत्या रविवारी उघडीप मिळाली तर सगळ्यांनी मिळून फडताळ रिकामे करा, आणि मुलांकडून पाटीची परीक्षा करवून घ्या. त्यांच्या नजरा तीक्ष्ण असतात आणि त्यांना हा खेळ आवडेलही.